हिमनगांच्या गावचा फेरफटका



वैशाखाच्या उकाड्यात आपण या मांडवात बसलो आहोत आणि मी आपणांस बर्फाच्या गावी नेणार आहे. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘हिमनगांचे गाव’ असे कळवले. त्यावर एक जुने स्नेही म्हणाले, “कामगार चळवळीतला माणूस तू, तुला हा सहलीचा नाद कधीपासून लागला?” प्रश्न रास्त आहे, तेव्हा त्याचे उत्तर आधी देतो.

वयाच्या सतराव्या वर्षी मी बंदरावरच्या एका बर्फाच्या कारखान्यात कामास लागलो. मिठाच्या पाण्याच्या हौदातून डबे वर काढावयाचे, सुटलेली लादी घसरवत फळीवर आणावयाची, दोघांनी दोन टोकांना आकडे मारून ती ट्रकात चढवावयाची आणि वर गोणपाट टाकावयाचे, असे ते काम. शाळा सातवीला सुटली होती. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तिथे एका भूगोलाच्या पुस्तकात मी हिमनगाचे चित्र पाहिले आणि मनात पहिला विचार आला तो असा, की यातून लाद्या किती निघतील! त्या दिवसापासून मी त्या गावाविषयी मिळेल ते वाचत आलो. प्रत्यक्ष गेलो नाही. संघटनेच्या कार्यकर्त्याच्या खिशाला ते तिकीट झेपत नाही. तेव्हा आजचा फेरफटका वाचनातला आहे, पण तो बर्फ ओढलेल्या माणसाच्या डोळ्यांनी केलेला आहे, एवढे लक्षात असू द्यावे.

गावाचे नाव इलुलिस्सात. तिथल्या भाषेत या शब्दाचा अर्थच हिमनग. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस सुमारे 300 किलोमीटरांवर, डिस्को उपसागराच्या काठी ते वसले आहे. वस्ती पाच हजारांच्या आसपास. एवढ्या वस्तीचे गाव आपल्याकडे तालुक्याच्या नकाशावरही शोधावे लागते, पण ग्रीनलंडात ते तिसऱ्या क्रमांकाचे शहर. देश आकाराने अवाढव्य आणि त्याचा चार पंचमांश भाग बर्फाखाली, त्यामुळे माणसे किनाऱ्याच्या खडकावर जिथे पाय ठरेल तिथे राहिली.

प्रवासी इथे येतात ते गावाच्या दक्षिणेची खाडी पाहावयास. चाळीस किलोमीटरांहून लांब अशा या खाडीच्या वरच्या टोकाला सर्मेक कुयाल्लेक नावाची हिमनदी समुद्रात उतरते. ही जगातल्या अत्यंत वेगवान हिमनद्यांपैकी एक आहे. 2004 साली युनेस्कोने ही खाडी जागतिक वारशाच्या यादीत घेतली, तेव्हा नदीचा वेग दिवसाला 19 मीटर आणि तुटून पडणारा बर्फ वर्षाला 35 घन किलोमीटरांहून अधिक असा नोंदला होता. आकडा मोठा असला की तो कानावरून जातो, म्हणून मी त्याचा आमच्या मापाने हिशेब केला. रोज 50 टन बर्फ करणारा कारखाना सुट्टी न घेता वर्षभर चालवला, तर एवढा बर्फ करावयास असे सतरा लाखांवर कारखाने लागतील. वीजबिलाचा विचार आपण करू नये.

हे तुटलेले डोंगर खाडीतून वाहत तोंडाशी येतात आणि तिथे अडतात. तोंडाशी समुद्राच्या तळाला एक उंबरठा आहे. प्राचीन काळी हिमनदी तिथवर पोचली होती, तेव्हा तिने आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा तो बांध. त्यावर पाणी दोनशे-अडीचशे मीटर. आतली खाडी मात्र त्याच्या कितीतरी पट खोल. हिमनगाचा जवळजवळ नऊ दशांश भाग पाण्याखाली असतो. तेव्हा मोठा नग आला की त्याचे बूड उंबरठ्याला टेकते आणि तो तिथेच ठाण मांडतो. मागून येणारे त्याच्यावर रेटतात. वितळून, तुटून हलका झाला की एके दिवशी तो सुटतो आणि उपसागरात येतो. गावासमोर कायम हिमनगांची रांग दिसते ती या अडवणुकीमुळे. काहींच्या अंगात निळ्या शिरा दिसतात. भेगेत शिरलेले पाणी हवेच्या बुडबुड्यांवाचून गोठले की बर्फ निळा दिसतो. आमच्या कारखान्यातही लादीचा पोटातला पांढरा भाग आणि कडेचा काचेसारखा भाग वेगळा असे. पांढरा भाग म्हणजे कोंडलेली हवा.

सुटलेला नग लगेच दक्षिणेस जात नाही. प्रवाह त्याला आधी उत्तरेकडे नेतो, बॅफिन उपसागरात फिरवतो आणि मग कॅनडाच्या किनाऱ्याने खाली न्यूफाउंडलंडपर्यंत आणून सोडतो. या वाटेला एक-दोन वर्षे, कधी अधिकही लागतात. 1912 च्या एप्रिलात टायटॅनिक ज्या नगावर आपटले, तो बहुधा याच खाडीतून निघालेला होता, असे अभ्यासक मानतात. गावचे वाटाडे हे आवर्जून सांगतात. मी आपणांस दुसरी गोष्ट सांगतो. त्या जहाजाच्या खलाशांचा पगार जहाज बुडाले त्या घटकेपासून बंद झाला. त्या काळचा सागरी रिवाजच तसा होता. जे नावेत बसून वाचले, त्यांची नावेतली रात्र हजेरीपटावर आली नाही.

आता गावात शिरू. खाडीच्या काठी सर्मर्मियुत नावाची ओसाड जागा आहे. 2021 साली जवळच एक प्रदर्शनगृह उघडले आणि तिथून या जागेपर्यंत फळ्यांची पायवाट आहे. प्रवासी बर्फाकडे पाहत चालतात. पण त्यांच्या पायाखालच्या गवतात चार हजार वर्षांचा इतिहास आहे. सक्काक, डॉर्सेट आणि थुले असे तीन लोकसमूह एकामागून एक इथे राहून गेले. का राहिले? हिमनदीखालून येणारे पाणी तळातले अन्न वर ढवळते, त्यावर मासे जगतात, माशांवर सील. निसर्गाने इथे भाकरी ठेवली होती, म्हणून माणूस इथे टिकला. देखावा नंतर आला. आजच्या प्रवाशाला खाली वाळूत उतरण्याची मनाई आहे. नग कलंडला की अचानक लाट येते आणि माणसाला ओढून नेते. वरच्या बाजूस एक घळ आहे. उपासमारीच्या हिवाळ्यात म्हाताऱ्या बाया, आपल्या तोंडचा घास नातवंडांना मिळावा म्हणून, त्या घळीत उडी घेत, अशी कथा सांगतात. ती दंतकथा असेल. परंतु जिने ही कथा प्रथम सांगितली, तिला भूक ठाऊक होती.

सर्मर्मियुतची शेवटची माणसे 1850 च्या सुमारास गावात राहावयास आली. तोवर गावाला दुसरे नाव मिळाले होते. अठराव्या शतकात या उपसागरात डच लोक देवमासे मारावयास येत आणि किनाऱ्यावरच्या इनुइटांशी सौदा करीत. देवमाशाच्या आणि सीलच्या चरबीच्या तेलावर युरोपातल्या शहरांचे दिवे जळत. याकोब सेव्हरिन या डॅनिश व्यापाऱ्याला आपल्या राजाकडून इथला मक्ता मिळाला. 1739 साली त्याच्या जहाजांनी डचांशी समुद्रात लढाई केली, आणि 1741 साली इथे वखार पडली. वखारीला सेव्हरिनच्याच नावावरून याकोब्सहाव्न, म्हणजे याकोबचे बंदर, असे नाव देण्यात आले. हिमनगांचे गाव असे एका सावकाराचे झाले.

पुढे 1774 साली खुद्द राजाची व्यापारी कचेरी निघाली आणि दोन वर्षांनी तिला सर्व ग्रीनलंडचा मक्ता मिळाला. ही व्यवस्था समजून घेण्याजोगी आहे. दुकान एकच. चरबी, कातडी, मासे विकावयाचे तर त्याच दुकानात आणि बंदूक, दारू, शिसे, कापड, कॉफी घ्यावयाची ती तिथेच. दोन्हींचे भाव ठरवावयाचे ते कोपनहेगनात. परक्याला देशात पाऊल टाकण्यास परवानगी लागे. यातून इनुइटांचे रक्षण होते, असे सांगण्यात येई आणि ते सर्वस्वी खोटे नव्हते. बाहेरची दारू आणि रोगराई यांना त्यामुळे काही आळा बसला. परंतु ज्याच्या हातात तराजू, त्याच्याच हातात पालकत्व असले म्हणजे काय होते, हे आपणांस सांगावयास नको. हा मक्ता 1950 पर्यंत चालला.

जाता जाता गोणपाटाची गोष्ट सांगतो. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडातल्या डंडी गावची जहाजे ग्रीनलंडच्या बाजूच्या या समुद्रात देवमासे मारीत. डंडीच्या गिरण्यांत बंगालचा ताग येई. तो कोरडा, राठ; यंत्रावर तुटे. तो मऊ करण्यासाठी त्याला देवमाशाचे तेल आणि पाणी लावीत. बंगालच्या शेतकऱ्याचा घाम आणि आर्क्टिकचा देवमासा एका पोत्यात आले ते असे. माझ्या लादीवरचे गोणपाट पुष्कळ नंतरचे, कलकत्त्याकडचे. पण हे वाचल्यापासून मी त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो.

गावात पाण्याच्या काठी लाकडी चर्च आहे. 1780 च्या सुमारास ते बांधले, तेव्हा ग्रीनलंडात याहून मोठी इमारत नव्हती. खर्चाचा मोठा भार शिकाऱ्यांनी चरबीच्या रूपाने उचलला. आपल्याकडे धान्याच्या रूपाने वर्गणी देतात, तसाच हा प्रकार. 1930 साली ते चर्च मूळ जागेवरून उचलून थोडे आत नेले.

जवळच पाद्र्याचे जुने घर आहे. आज तिथे वस्तुसंग्रहालय आहे. या घरात 1879 साली क्नुड रासमुसेन जन्मला. बाप डॅनिश, आईकडून इनुइट रक्त. लहानपणापासून ती भाषा बोलला, कुत्र्यांची गाडी हाकली. 1921 ते 1924 या काळात त्याने उत्तर अमेरिकेच्या माथ्यावरून अलास्कापर्यंत जी सफर केली, ती जगप्रसिद्ध आहे. वाटेतल्या इनुइट लोकांच्या कथा आणि गाणी त्याने टिपून ठेवली. तो मोठा माणूस होता, यात संशय नाही. पण हडसन उपसागरापासून अलास्कापर्यंतच्या त्या वाटेवर त्याच्याबरोबर आर्नारुलुंग्वाक नावाची एक इनुइट बाई होती आणि तिच्या नात्यातला एक तरुण होता. कातडी शिवणे, स्वयंपाक, कुत्री, शिकार ही कामे त्यांच्यावर होती. फाटलेल्या बुटाने आर्क्टिक ओलांडता येत नाही. बूट कोणी शिवले, हे मी तरी विचारणार.

याच गावचा, रासमुसेनचा बाळमित्र यॉर्गन ब्रॉनलुंड. 1877 चा जन्म. 1906 साली निघालेल्या डॅनिश मोहिमेत तो कुत्र्यांची गाडी हाकणारा म्हणून गेला. ईशान्य ग्रीनलंडचा किनारा मोजण्यास गेलेल्या तुकडीत तिघे होते. दोघे डॅनिश, तिसरा हा. परतताना 1907 च्या नोव्हेंबरात अन्न संपले, ते दोघे वाटेत मेले. पाय गोठलेल्या अवस्थेत ब्रॉनलुंड एकटा चंद्रप्रकाशात पुढे सरकत राहिला आणि अन्नाच्या साठ्याजवळ पोचून तिथे मेला. पुढल्या वर्षी त्याचे प्रेत सापडले. जवळ रोजनिशी होती आणि मोहिमेचे नकाशे होते. आपण वाचणार नाही, हे कळल्यावरही त्याने काम धन्याच्या माणसांना सापडेल अशा जागी आणून पोचवले. उत्तरेतल्या एका खाडीस आज त्याचे नाव आहे, ही बरी गोष्ट.

एवढा वेळ मी आपणांस जुन्या गोष्टी सांगितल्या. आता ज्या कारणास्तव मी हा विषय घेतला, तिथे येतो.

आमच्या कारखान्यात लादीच्या एका टोकाला कायम कामगार असे आणि दुसऱ्या टोकाला कंत्राटदाराचा माणूस. आकडा तोच, वजन तेच, बोटे सारखीच बधिर. पगाराच्या दिवशी एकाला जेवढे मिळत, त्याच्या निम्मे दुसऱ्याला. मी दुसऱ्या टोकाला होतो. याचे कारण विचारले तेव्हा मुकादम म्हणाला, “तुझी भरती वेगळी.” याला उत्तर कसे द्यावे हे मला तेव्हा सुचले नव्हते. संघटनेत मी आलो तो त्या एका वाक्यामुळे.

1953 साली ग्रीनलंडची वसाहत ही संज्ञा गेली आणि तो डेन्मार्कचा समान भाग झाला. मग सुधारणांचे पर्व आले. घरे, दवाखाने, शाळा, मासळीचे कारखाने. क्षयरोग हटला, हे त्या राजवटीचे मोठे श्रेय. कामासाठी डेन्मार्कहून सुतार, गवंडी, शिक्षक, कारकून जहाजे भरभरून आले. आणि 1964 साली सरकारी नोकरांच्या पगाराचा एक कायदा झाला. त्याला लोक जन्मस्थळाचा निकष म्हणत. ग्रीनलंडात जन्मलेल्याचा मूळ पगार डेन्मार्कमध्ये जन्मलेल्याच्या 85 टक्के. काम तेच, दर्जा तोच. बाहेरून आलेल्याला घर आणि प्रवासाच्या सवलती, त्या निराळ्या. डेन्मार्कला जाऊन तीच परीक्षा तितक्याच गुणांनी उत्तीर्ण झालेला ग्रीनलंडचा मुलगा परत आला, तरी त्याची आई कुठे बाळंत झाली यावर त्याचा पगार ठरे.

समर्थनही ऐकण्यासारखे आहे. पगार देशाच्या ऐपतीप्रमाणे असावेत आणि बाहेरची माणसे जादा पैशावाचून येत नाहीत, असे ते होते. मी सांगतो, हा युक्तिवाद मूर्खाचा नाही. वाटाघाटीच्या टेबलावर असे युक्तिवाद मी पुष्कळ ऐकले आहेत आणि त्यांतले आकडे बहुधा बरोबर असतात. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की गावच्या माणसाला दुसरीकडे जाता येत नाही. ज्याला जाता येत नाही, त्याला कमी दिले तरी चालते. मुकादमाच्या ‘वेगळ्या भरती’चे हेच मर्म होते, पण ते मला याकोब्सहाव्नचा इतिहास वाचून कळले.

ग्रीनलंडच्या कामगारांची संघटना 1956 साली उभी राहिली होती. ती चिवट निघाली. शिकलेल्या तरुणांनीही हा प्रश्न उचलला. निकष पुरता जाण्यास जवळजवळ पाव शतक लागले. 1990 च्या सुमारास तो गेला. या मधल्या काळात 1979 साली ग्रीनलंडला अंतर्गत स्वराज्य मिळाले आणि त्याचा पहिला दिवस होता 1 मे. आपल्या महाराष्ट्राचाही तोच दिवस. ग्रीनलंडात दिवस निवडला कोणी, ते मी शोधत बसलो नाही. आनंद तेवढा मानून घेतला.

उपसागराच्या पलीकडे डिस्को बेटावर कुल्लिस्सात नावाचे खाणीचे गाव होते. 1924 साली तिथे कोळशाची खाण सुरू झाली आणि हजाराहून अधिक वस्ती झाली. रोजंदारीवर जगणारा, एका पाळीत शेजारी शेजारी राबणारा ग्रीनलंडचा कामगारवर्ग मुख्यतः तिथे घडला. 1968 साली ठरले की खाण परवडत नाही आणि 1972 साली गाव रिकामे केले. माणसे वेगवेगळ्या गावांत वाटली गेली; काही इथे, इलुलिस्सातला आली. सरकारी घर मिळाले, नळ मिळाला, शेजार गेला. आज तिथे पडकी घरे आहेत. गिरणी बंद पडलेल्या चाळीत जे राहिले असतील, त्यांना याहून अधिक सांगावयाची गरज नाही.

गावचे बंदर पाहावयास प्रवाशाने सकाळी जावे. होड्यांतून कोळंबी आणि हॅलिबट उतरतात. ग्रीनलंडच्या कारखान्यांत सुरुवातीच्या काळात कोळंबी सोलण्याचे काम बायकांच्या हातांनी होई. पुढे यंत्रे आली. आमच्या बंदरावर कोळंबी सोलणाऱ्या बाया पहाटे बर्फात हात घालून बसत. त्यांच्या बोटांची सालपटे आठवतात. आता तिथल्या कामावर फिलिपाइन्स आणि थायलंडचीही माणसे दिसतात. त्यांची भरती कशी होते, याकडे तिथली संघटना लक्ष ठेवून असेल, अशी मी आशा करतो.

खरी कारागिरी हिवाळ्यात दिसते. खाडी गोठली की कोळी कुत्र्यांच्या गाडीने बर्फावर जातात. बर्फाला भोक पाडून शेकडो गळ लावलेली लांब दोरी खाली सोडतात. सरळ सोडली तर ती एका जागी गोळा होईल. म्हणून तिच्या टोकाला पत्र्याचा तुकडा बांधतात. पत्रा पाण्यात तिरका सरकत जातो आणि दोरी तळाशी लांबवर पसरते. ज्याने हे प्रथम योजले, त्याचे नाव माझ्या वाचनात आले नाही. बर्फ मात्र आता पूर्वीसारखा भरवशाचा राहिला नाही. कुत्र्यांची संख्याही घटली आहे.

हिमनदीच मागे हटते आहे. 1851 साली हिन्रिक रिंक या डॅनिश अभ्यासकाच्या काळात तिचे टोक जिथे होते, तिथून 1950 पर्यंत ते 26 किलोमीटर मागे गेले. मग काही दशके ते जवळपास स्थिर राहिले. 2000 नंतर पाण्यावर तरंगणारी तिची जीभ तुटली आणि 2012 च्या उन्हाळ्यात वेग दिवसाला 46 मीटरांपर्यंत गेला. 2016 नंतर उपसागरात थंड पाणी आले, तशी ती काही वर्षे मंदावली आणि थोडी जाडही झाली. तेवढ्यावरून धोका टळला, असे शास्त्रज्ञ मानत नाहीत.

बर्फ हटू लागला तशी बड्यांची ये-जा वाढली. 2008 च्या मे महिन्यात डेन्मार्क, नॉर्वे, रशिया, कॅनडा आणि अमेरिका या पाच राज्यांनी आर्क्टिक समुद्राविषयीचा जाहीरनामा याच गावात काढला. पुढच्याच वर्षी इनुइटांच्या परिषदेने आपला स्वतंत्र जाहीरनामा काढून आमचाही यात अधिकार आहे, असे बजावले. मोठ्या विमानांसाठी गावाजवळ 2200 मीटरांचा धावमार्ग बांधावयास घेतला गेला. प्रवासी वाढतील. खाटा, होड्या, वाटाडे, भांडी घासणारे, चादरी धुणारे लागतील. भरती कुठून आणि कोणत्या दराने, हा प्रश्न तिथे पुन्हा येणार.

सहलीची माहितीपत्रके उन्हाळ्याची वर्णने करतात. मध्यरात्रीचा सूर्य वगैरे. मला जाता आले तर मी जानेवारीत जाईन. नोव्हेंबरच्या अखेरीपासून गावाला सूर्य दिसत नाही. 13 जानेवारीला तो परत येतो. त्या दिवशी गावकरी मुलाबाळांसह गावाजवळच्या एका टेकडीवर जातात. थंडीत उभे राहून दक्षिणेकडे, खाडीपलीकडे पाहतात. दुपारी एकच्या सुमारास कडा उजळते, मुले गाणे म्हणतात. सूर्य तासभरही थांबत नाही. तो बुडाला की माणसे बोलत बोलत खाली येतात आणि घरोघर कॉफी ठेवली जाते.